विंगेकडं बघायचं नाही

—नाही नाही, तिथं नका बसू, तिथं मुंग्या आहेत. इकडं या, नारळाच्या पोत्याशेजारी. हां. इथं सावली पण आहे आणि रस्त्याकडं पाठ पण होते, नाहीतर आज जत्रेची सगळी धूळ तुमच्या वाटीत. काय देऊ म्हणून विचारत नाही, माझ्याकडं एकच असतं — मुगाची खीर, नारळाचं दूध, वर बर्फ. लोक वर भाजलेले तीळ मागतात. तुमच्या वाटीत नाही घातले, असू दे, नसले तरी चांगली लागते. काय म्हणता? — राहू दे, बोलू नका, घशाला हात लावलात तेव्हाच कळलं. बसलाय? का नुसता जपताय? बरं बरं, मान हलवा, तेवढं पुरे. समोरचा गप्प असला की मला उलट बरं पडतं. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालण्यात गेलं माझं, आता म्हातारपणी माझं मी बोलते, आणि मध्ये कुणी बोललेलं मला खपत नाही.

सायगॉनहून आलात ना? चपला सांगतात. आमच्या सा देकच्या चिखलात असल्या चपला कुणी घालत नाही. नाटकाला आलात म्हणा की. सगळे त्यासाठीच आलेत. देवळाच्या कमानीवर तिचा फोटो बघितलात — येन लाम, येन लाम — केवढा मोठा, नुसता डोळाच माझ्या या टोपलीएवढा. सकाळपासून बघते आहे, येणारा प्रत्येक जण खीर खातो आणि तोंड पुसता पुसता विचारतो, सहावी मावशी, ती तुझ्या कंपनीत होती म्हणे? माझ्या कंपनीत! कंपनी आठव्या मामांची होती, ते मालक — ते आठवे, मी सहावी, आमच्यात जन्माच्या नंबरानंच हाक मारतात. नावेवरची नाटक कंपनी, 'सोनेरी शेवंती' नाव, आणि नाव गळकी. मी प्रॉम्प्टर. पडद्याआड उभं राहायचं आणि जो अडकेल त्याला पुढचा शब्द द्यायचा, एवढंच माझं काम. ... खा की. बर्फ वितळतोय. तोंडावरचं उन्हाचं फडकं काढल्याशिवाय खाणार कशा? काढायचं नाही? लाजताय होय. बरं, असं करते, मी पाठ करते. मला नारळ खवायचाच आहे, संध्याकाळी नाटकाआधी गर्दी उसळते. मी तिकडं तोंड करून खवते आणि बोलते, तुम्ही निवांत खा. मला सवय आहे, प्रॉम्प्टरचं तोंड तसंही कुणी बघत नाही.

तर मेन. मेन म्हणजे येन लाम, हो. येन लाम हे नंतरचं, सायगॉनवाल्यांनी लावलेलं. आम्ही मेन म्हणायचो — टीचभर, एवढीशी. चांगलं नाव ठेवलं की नजर लागते, म्हणून बापानं सरळ हेच ठेवलं. बाप आमच्या नावेचा नावाडी, दहावा. माणूस असा की दिवसात चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन वल्ह्याशी. पोर अंगावर पीत होती तेव्हाच आई तापानं गेली. मग पोर वाढली कुणाच्या कडेवर? ज्याची कडेवरची जागा मोकळी असेल त्याच्या. आता राजाची मोकळी नसते, त्याला तलवार असते. राणीची नसते, तिला राणीपणा असतो. माझी असायची. लग्न नाही, पोर नाही, आणि प्रॉम्प्टरला हातवारे करायला लागत नाहीत. म्हणून मी एका कडेवर ही कार्टी घेऊन उभी राहायची आणि सगळं नाटक तिच्या कानापाशी कुजबुजायची. बाकीची पोरं अंगाई ऐकून झोपतात, ही सेनापतीच्या धमक्या ऐकून झोपायची. आणि मला वही नसायची हं. नाटकाच्या वह्या एका पावसात भिजून लगदा झाल्या, तेव्हापासून सगळी नाटकं माझ्या तोंडात, आणि माझ्या तोंडातून तिच्या कानात.

कडेवर मावेनाशी झाली तेव्हा तिला काम दिलं. काय काम? डास मारायचे. हसू नका — हसलात ना? ऐकू आलं मला. विंगेत डास म्हणजे किती, आणि प्रॉम्प्टरला अंगावर चापट मारता येत नाही. एकदा मी मारली होती, नेमका तेव्हाच राजा प्रधानापुढं उभा, लोकांना वाटलं राजाच्या थोबाडीत बसली. म्हणून मेन. हातात पुठ्ठा घेऊन माझ्या पायाशी बसायची. आणि ती कशी मारायची माहीत आहे? वाजवणारा जेव्हा लाकडी ठोका द्यायचा ना, टॉक, बरोब्बर त्या ठोक्यावर. फट. प्रेक्षकांना पत्ता नाही. परवा टीव्हीवर कोणीतरी मोठा जाणकार सांगत होता, येन लामचं तालाचं अंग उपजत आहे. उपजत कसलं? माझ्या पिंढऱ्यांवर कमावलेलं आहे ते.

आणि आवाज — आवाज बदकांचा. म्हणजे बदकांनी दिलेला. कंपनीची बदकं होती, अंड्यांसाठी. भात कापून झालं की त्यांना कालव्यापलीकडं शेतात सोडायचं आणि दिवस कलला की परत बोलवायचं. ते काम मेनचं. नावेच्या टोकाला उभी राहायची आणि सूर लावायची — वीत वीत वीऽऽऽत — तो वर चढायचा, पाण्यावरून पार जायचा, आणि शेवटी असा खाली उतरायचा की बदकं काय, पलीकडच्या काठावरची माणसंही घराकडं निघायची. आमच्या नाटकातलं वोंग कोचं गाणं असतं ना, त्यात तेच तर असतं. गायिका सूर ताणते, ताणते, लोक टाळी हातात धरून बसलेले असतात, आणि शेवटच्या शब्दावर ती उतरली की एकदम टाळ्यांचा पाऊस. उतरायची जागा चुकली की हात तसेच मांडीवर. मेनची कधी चुकली नाही. चुकली तर बदकं यायची नाहीत आणि अंडं मिळायचं नाही, एवढं साधं होतं.

नऊ वर्षांची असेल, तेव्हा पहिल्यांदा रंगमंचावर गेली. आठव्या मामांच्या भाच्याला गालगुंड झालं म्हणून. दुष्काळाचं नाटक होतं — आईला पोर पोसवत नाही, ती त्याला देवळाच्या पायरीवर सोडून जाते. आई म्हणजे आमच्या फुंगबाई, कंपनीच्या मोठ्या नायिका. आवाज चांगला, रूप चांगलं, आणि या दोन्ही गोष्टी दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी स्वतः सांगायच्या. पोराला एकच वाक्य: आई, सोडून जाऊ नकोस, मी भात मागणार नाही. एवढंच. मेनला सगळं नाटक पाठ, हे वाक्य तर झोपेत म्हणायची. तिला पायरीवर उभी केली, पडदा गेला, फुंगबाई डोळ्याला बाही लावून निघाल्या — आणि मेन विंगेकडं बघते. माझ्याकडं. आता तिचं तरी काय चुकलं? जन्मल्यापासून सगळे शब्द तिला तिथनंच आलेले. तिला वाटायचं, नाटक विंगेत असतं, बाहेर नुसते कपडे घालून फिरतात.

आणि आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी चूक कुठली? ओळ विसरणं नाही. ओळ विसरते कुणीही, त्याला मी आहे. विंगेकडं बघायचं नाही. प्रॉम्प्टरकडं बघितलं की प्रेक्षकही तिकडं बघतात, आणि मग राणी राणी राहत नाही, आई आई राहत नाही. आणि ही मेली बघतेय तर बघतेय, वर एक एक पाऊल माझ्याकडं सरकतेय. मी दातओठ खात म्हटलं — इकडं बघू नकोस. तिकडं बघ, गाढवे. जा.

मी विंगेतून दिलं म्हणजे ओळच असणार, नाही का? वळली. फुंगबाईंकडं बघितलं. आणि त्या बदकांच्या आवाजात, कालव्यापलीकडं जाईल अशी म्हणाली — इकडं बघू नकोस. तिकडं बघ, गाढवे. जा.

सोडून चाललेल्या आईला, पोर म्हणतंय. माझ्याकडं बघू नकोस, नाहीतर तुझ्यानं जाववणार नाही. मला आत अंगावर काटा आला, आणि शब्द माझेच होते. समोर पहिल्या रांगेत मासळीवाल्या बायका बसल्या होत्या, त्यातली एक रडायला लागली, आणि ते रडू मागच्या रांगांपर्यंत पसरलं. आणि ते 'गाढवे' — त्याला हसले पण. रडता रडता हसले, नाकं पुसत हसले. फुंगबाईंना कळेना, राग यावा का रडू यावं, त्या दोन्ही करत आत आल्या आणि आल्या आल्या पहिलं काय म्हणाल्या? मला गाढव म्हणाली कार्टी.

मग काय. फुंगबाई म्हणाल्या ती ओळ काढा. आठवे मामा म्हणाले, काढतो की, आणि पुढच्या गावात काढली. लोक उठून उभे राहिले — गाढव कुठं आहे, आम्ही गाढवासाठी आलोय. तेव्हा तिकिटाला तांदूळ घ्यायचो आम्ही, लोक तांदळाची पिशवी परत मागायला लागले. ओळ परत आली. फुंगबाई त्यानंतर रोज त्या प्रसंगात मेनला मिठी मारताना कचकचून चिमटा काढायच्या. पोरगी खरं रडायची, लोक आणखी खूश. दंडावर कायम निळं. मी रोज खोबरेल लावायची आणि म्हणायची, सांगू का मामांना? तर म्हणायची, नको मावशी, चिमट्यानं सूर बरोबर लागतो. असली पोर.

खाल्लंत का? चमच्याचा आवाज थांबला. खा, खा, भांड्यात आणखी आहे.

आता परवाची गंमत सांगते. गंमत कसली, मला रागच आला. शेजारची पोर मोबाइल घेऊन आली, मावशी बघ, येन लामची मुलाखत. बघितली. केस काय, रेशीम काय. त्यात एकानं विचारलं की बाई, ती ओळ, 'इकडं बघू नकोस, तिकडं बघ, जा' — गाढव सायगॉनमध्ये काढून टाकलं हं त्यांनी, तिथं चालत नाही — ती ओळ कुणी लिहिली? आणि ही म्हणते, कुणी लिहिली नाही, पूर्वजांची कृपा, त्या क्षणी आतून कुणीतरी बोललं. आतून कुणीतरी! म्हणजे मी कुणीतरी. पूर्वज उभे होते का विंगेत पिंढऱ्या खाजवत? एवढं एक नाव घ्यायला काय होत होतं तुला, सहावी मावशी म्हणायला काय दोन तास लागतात — तुला म्हणजे तिला. तिला म्हणते मी. बोलता बोलता होतं असं. मग मी दोन दिवस विचार केला. आतून बोललं. आतूनच ना? मी आतच होते. आमच्यात पडद्यामागे म्हणजे आतच म्हणतात. मग म्हटलं खोटं काही बोलली नाही पोरगी. सांगितलं तिनं, ज्याला कळायचं त्याला कळेल असं सांगितलं. पण राग गेला का? नाही गेला. दोन्ही होतं.

वारा आला की कसला गोड वास येतोय हो. तुम्हाला येतोय? ... असू दे. आज बाजारात सतरा वास.

वासावरनं आठवलं, ते थीच्या फळाचं सांगायचं राहिलं. आमच्या कंपनीत थी आणायचं नाही, वासही यायला नको. तुम्हाला माहीत असेल — धंद्याचे पूर्वज म्हणजे दोन लहान राजपुत्र. नाटकाच्या वेडानं राजवाड्यातून पळाले, रंगमंचाखाली लपले आणि तिथंच उपाशी गेले. त्यांना थी फार आवडायचं. कुणी थी घेऊन रंगमंचाजवळ आलं की ते नाटक सोडून फळाच्या मागे धावतात, आणि नटाच्या जिभेवरचा शब्द जातो. आता एवढं पिवळंधमक, एवढं वासाचं फळ, सगळ्या गावातली पोरं जाळीच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवून फिरतात आणि आमच्या मेननं नुसतं बघायचं. बारा-तेरा वर्षांची. एकदा आणलंच. कमरेच्या रुमालात गाठ मारून लपवलं.

त्या दिवशी फुंगबाईंचं मोठं गाणं. सूर चढवला, ताणला, लोक टाळी हातात घेऊन बसले, आणि शेवटचा शब्द — गेला. पार गेला. मी दिला एकदा, दिला दोनदा, त्यांच्या कानात शिरेना. हात मांडीवर तसेच. फुंगबाई आत आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, थी. कुणाकडं थी आहे? मी मेनकडं बघितलं. तोंडाचा रंग उडालेला, कमरेला एका बाजूला एवढी गाठ. कंपनीतून काढलंच असतं तिला, बापासकट. मी पुढं झाले, तिच्या कमरेचं फळ माझ्या हातात घेतलं आणि म्हटलं, माझं आहे. मला वास आवडतो.

आवडतोच. ते काही खोटं नव्हतं.

मला शिक्षा झाली, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं उदबत्त्या संपेपर्यंत गुडघ्यावर. फळ त्यांच्यापुढं ठेवलं. फुंगबाई रुसून नावेत जाऊन बसल्या, आज गाणार नाही म्हणून. बाहेर लोक फळ्या बडवायला लागले. आठवे मामा इकडं पळतायत, तिकडं पळतायत, शेवटी जी समोर दिसली तिला ढकललं. मेन. आणि विंगेत कोण? कोणी नाही. मी गुडघ्यावर, भिंतीकडं तोंड. मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. गाणं सुरू झालं, चढलं, मी आपली ओठातल्या ओठात पुढचा शब्द धरून बसलेली, देते कुणाला? आणि ती त्या शेवटच्या शब्दावर आली आणि उतरली. बदकं बोलावतात तशी उतरली. मग तो टाळ्यांचा आवाज. मी देव्हाऱ्यापुढं रडत होते आणि आठव्या मामांना वाटलं मला पश्चात्ताप झाला. त्या दिवशी तिनं विंगेकडं एकदाही बघितलं नाही. विंगेत कुणी नव्हतंच ना. मला विचाराल तर ते दोघे राजपुत्र फळ घ्यायला आले आणि जाताना तिच्या गळ्यात काहीतरी ठेवून गेले. फुंगबाई म्हणायच्या चेटूक. असेल बाई.

नंतर माझे गुडघे चोळत बसली होती. म्हणाली, मावशी, तुला खरंच आवडतं थी? म्हटलं, कंपनीत आल्यापासून हुंगलं नाही गं मी. म्हणाली, मी मोठी झाले ना की तुला टोपलीभर आणून देईन, मग बसून हुंग. असंच पोरं बोलतात, ते काय मनावर घ्यायचं असतं होय.

सायगॉनचा कंपनीवाला आला तेव्हा ती सोळाची. पांढरी पँट घालून चिखलात आला होता, त्यावरनंच कळलं माणूस घाईत आहे. गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मोटरबोट. बापालाही नेलं, दहावा म्हणाला, बरं — तेवढा एकच शब्द. मेन मला म्हणाली, तू पण चल, तू नसलीस तर मला ओळ कोण देणार. मी म्हटलं, तिथं त्यांचा प्रॉम्प्टर असेल. म्हणाली, तो मला गाढवे म्हणणार नाही. म्हटलं, शिकेल. हसत होतो आम्ही. मग बोट सुटली. मी काठावर, ती बोटीत, आणि बघतेय माझ्याकडं. विंगेकडं बघायची ना लहानपणी, तशी. आणि एक पाय उचललेला. मला दिसला तो पाय, चपलेतून सुटलेला. आता ही उडी मारणार. मारली असती तर मी काय, मी तर पाण्यात उतरून तिला कडेवर घेतली असती आणि सोडली नसती. म्हणून मी ओरडले. इकडं बघू नकोस. तिकडं बघ, गाढवे. जा.

आणि ती वळली. मी दिलेली ओळ तिनं आजपर्यंत कधी टाकलेली नाही.

मग कालवा वळला, बोट गेली. पुढं आमची कंपनी पण गेली — व्हिडिओ आले, लोक घरात बसायला लागले, नावेच्या फळ्यांची कुंपणं झाली. मी खीर करायला लागले. दर तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, तिचं कॅलेंडर येतं, कुणाच्या तरी हाती पाठवते. पत्र नाही, निरोप नाही, नुसती कॅलेंडरं, बारा महिने बारा फोटो, आणि एकाही फोटोत समोर बघत नाही. बाजूला, खाली, आकाशात. कमानीवरचा बघा, तिथंही बाजूलाच. लोक म्हणतात काय ती अदा. मला माहीत आहे ती अदा कुणी लावली.

टीव्हीवर नाटक लागलं की मी सगळ्या ओळी पुटपुटते. शेजारच्या पोरी हसतात, मावशी, तिला ऐकू जात नाही. एकदा ती मध्ये थांबली — थांबायची जागा नव्हती ती, अडकली होती — मी शब्द दिला आणि तिनं घेतला. पोरी म्हणाल्या ते आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. असेल.

आज सकाळपासून म्हणते आहे सगळ्यांना, मी नाही जाणार नाटकाला. बड्या लोकांच्या गर्दीत कोण जातं. पण खरं सांगू — तुम्ही परक्या, म्हणून सांगते — ती यावी असं मला वाटतं. खूप वाटतं. मी तिला ते एकदा सांगितलं होतं, त्या बोटीपुरतं. तेवढ्यापुरतं होतं गं ते. जन्मभर पाळायला नव्हतं सांगितलं. एवढं कळू नये एखादीला? एक दिवस मागं वळून बघितलं असतं तर नाटक काय पडलं असतं?

...

चमचा ठेवलास. रिकामी झाली वाटी? बरं झालं.

तीळ का घातले नाहीत, विचारलं नाहीस. तिळानं तुझा घसा खवखवतो, गाण्याआधी कधी घालत नव्हते मी. बसलीस तेव्हाच कळलं मला. बाकावर बसताना डावा पाय वर घेतेस अजून, नावेत बसल्यासारखी. आणि हा वास — मगाशी बाजारातला म्हटलं मी, बाजारातला कसला, तुझ्या त्या पिशवीतून येतोय. टोपलीभर म्हणाली होतीस, पिशवीच आणलीस. चालेल. ठेव तिथं, नारळाच्या पोत्यावर. आणि हात पूस तो, चांगला साबणानं धू, रंगमंचावर वास गेला तर राजपुत्र धावतील आणि आज विंगेत मी नाही — आहे का? हे बघ, रडू नकोस. रडलीस की आवाज बसतो, आणि तिकडं अख्खं सा देक टाळी हातात घेऊन बसणार आहे.

ढोल वाजायला लागला, ऐकलंस? तुला रंग लावायचाय अजून. जा आता. थांब, एक मिनिट. माझा नारळ झाला खवून, मी वळते.

हं. बघ इकडं.

बघ, गाढवे.

...

झालं. जा.